पक्षाघातानंतर : ताकदीइतकाच विश्वासही मोजा

अंगावरून वारं गेलेले वडील दवाखान्यातून घरी येतात. तिथे फिजिओथेरपिस्टसमोर ते दहा पावलं चालले होते. घरी मात्र खाटेवरून उठत नाहीत. आपण म्हणतो, "हट्टीपणा करतात." पण पुष्कळदा पायात ताकद आलेली असते, फक्त "मी पडणार नाही" हा विश्वास आलेला नसतो. आणि हा विश्वास मोजता येतो.

एखादं काम आपल्याला जमेल असं माणसाला किती वाटतं, यावर तो ते करून पाहील का आणि चिकाटी धरेल का, हे बरंचसं ठरतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये हा विचार मांडला. त्याच धर्तीवर ब्रिटनमधील फिओना जोन्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी १३ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. थकलेले असताना स्वतः अंथरुणातून उठणं, घरात चार पावलं चालणं, बाहेर सुरक्षित चालणं, दोन्ही हातांनी जेवणं, कपडे घालणं, रोज व्यायाम करणं, काही जमलं नाही तर होणारी चिडचिड सांभाळणं, अशा गोष्टींचा किती विश्वास वाटतो, हे रुग्णच ० ते १० गुणांत सांगतो. ० म्हणजे मुळीच नाही, १० म्हणजे पूर्ण.

घरीही ही रीत वापरता येईल. रुग्णाला विचारून त्याची चार-पाच कामं निवडा : उंबरठा ओलांडणं, संडासापर्यंत जाणं, सदऱ्याची बटणं लावणं, विहारात वंदनेला जाणं. प्रत्येकाचे गुण तारखेसह वहीत लिहा. वाचता किंवा बोलता येत नसेल, तर दहा पायऱ्यांची शिडी काढा आणि बोट ठेवायला सांगा. उत्तर रुग्णाचंच हवं. सुनेचं किंवा मुलाचं नको. कमी गुण मिळाले म्हणून रागावू नका.

गल्लीतून चालण्याला २ गुण असतील, तर आधी आधार धरून उंबरठ्यापर्यंतच जा. ते जमलं की पुढचं पाऊल. स्वतः करून जमलेलं काम विश्वास सर्वांत जास्त वाढवतं. आपल्यासारखाच बरा झालेला शेजारी भेटला, तरी धीर येतो. उलट, मायेपोटी घासही आपणच भरवत राहिलो, तर "मला जमत नाही" हेच मनात पक्कं होतं.

मात्र १० गुण दिले म्हणजे धोका टळला असं नाही. ओली फरशी, उघडं गटार, काळोख अशा ठिकाणी फाजील विश्वासानेही माणूस पडतो. नवीन हालचाल फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करा. गुण सतत घसरत असतील, रुग्ण गप्प राहत असेल, रडत असेल, जेवत नसेल, तर डॉक्टरांना ती वही दाखवा. पक्षाघातानंतर उदासीनता येऊ शकते आणि तिच्यावर उपचार आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

अष्टांगिक मार्गातला सम्यक व्यायाम म्हणजे योग्य दिशेने सतत केलेला प्रयत्न. वहीत २ चे ३ झाले, तर तोही त्याच प्रयत्नाचा गुण आहे.