मालिका फोनवर सांगताना

२००७ ते २००९ या काळात चिन्मय मांडलेकर यांनी लिहिलेली ‘असंभव’ ही पुनर्जन्माची मालिका रोज चालू होती. मराठवाड्यात तेव्हा भारनियमनही जोरात होतं. मी नांदेडला, बहीण लातूरला; जिच्याकडे वीज, तिनं दुसरीला फोनवर भाग सांगायचा. असं सांगताना पार्श्वसंगीत, साड्या, रोखलेले डोळे सगळं गळून पडतं. उरतं ते लेखकाचं काम : कोणाला काय कळलं, कोणी काय लपवलं. ‘असंभव’ सांगायला वेळ पुरत नसे. काही मालिकांचा मात्र अख्खा आठवडा एका वाक्यात संपे. कारण रोज भाग द्यावाच लागतो. गोष्ट कमी पडली की पात्रांचं एकमेकांकडे बघणंच लांबतं. श्रेयनामावलीत लेखकाचं नाव क्षणभर दिसतं. तेवढं जरूर वाचावं.