साध्या फोनची शांतता कोणाच्या जिवावर?

न्यूयॉर्कच्या जो हॉलियर आणि कायवेई टँग यांनी काढलेला पहिला ‘लाइट फोन’ क्रेडिट कार्डाएवढा होता. नऊ नंबर साठवायचे, फोन लावायचा, घ्यायचा. बाकी काही नाही. मुळात तो जोडफोन. स्मार्टफोन घरी ठेवायचा, त्याचे कॉल याच्यावर वळवायचे आणि बाहेर पडायचं. पण तो चाले फक्त टू-जीवर. अमेरिकेत टू-जी गुंडाळलं गेलं, तसा याचाही कारभार आटोपला.

२०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या मॉडेलला फोर-जी आणि ई-इंकचा पडदा मिळाला. ई-इंकमध्ये सूक्ष्म कुप्यांतले काळे-पांढरे कण विजेच्या भाराने वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. पुस्तक वाचायला हे उत्तम, कारण पान सावकाश बदलतं. टाइप करताना मात्र बोट पुढे जातं, अक्षर मागून येतं, आणि आधीच्या शब्दाची पुसट छाया तिथेच रेंगाळते. दोन ओळींच्या निरोपापेक्षा सरळ फोन लावलेला बरा वाटतो.

हे दोष दुरुस्त होतात. २०२५ च्या तिसऱ्या मॉडेलमध्ये ई-इंक जाऊन ओलेड पडदा आला, कॅमेराही आला. खरी अडचण निराळी आहे. या फोनमध्ये ब्राउझर नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही; ते मुद्दामच ठेवलेलं नाही. आणि आपल्याकडे शाळेची सूचना, सोसायटीची मीटिंग, लॅबचा रिपोर्ट, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणलं खरं, फोनवरच्या सूचना ऐकत आकडे दाबले की पैसे जातात. पण मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना हे कोण करणार? ओटीपी एसएमएसने येतो, एवढाच दिलासा.

मग कामं थांबत नाहीत, ती दुसऱ्याच्या फोनवर सरकतात. ‘अगं, माझं तेवढं तिकीट काढ ना.’ ‘त्यांना पैसे पाठव, मी तुला कॅश देतो.’ बहुतेक घरांत हे बायकोच्या नाहीतर मुलीच्या वाट्याला येतं. एकाचं डोकं शांत होतं आणि दुसरीच्या फोनची टुणटुण वाढते. मला हे पटत नाही.

म्हणून असा फोन घ्यायचा तर जोडफोन म्हणूनच घ्यावा: संध्याकाळच्या फिरण्याला, रविवारला, सुट्टीला. आणि स्मार्टफोन कायमचा सोडायचाच असेल, तर आपली कोणती कामं कोण करणार, हे आधी घरात विचारा.