मेंदूच्या देवडीवरील जमादार



अन्नांतून, औषधांतून आणि श्वासांतून जें जें रक्तांत मिसळतें, तें शरीरभर फिरतें. मग तें सारेंच मेंदूंत शिरतें काय? शिरत नाहीं, आणि शिरत नाहीं म्हणूनच आपण सुरळीत विचार करूं शकतों.

हें प्रथम लक्षांत आलें तें रंगाच्या प्रयोगांवरून. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनीं १८८५ सालीं जनावरांच्या रक्तांत रंग सोडला. बहुतेक सारे अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूस रंगाची ओढच नसावी, असें त्यांस वाटलें. परंतु त्यांचे शिष्य एडविन गोल्डमान यांनीं १९१३ सालीं निळा रंग मेंदूभोवतालच्या द्रवांत सोडला, तेव्हां मेंदू निळा झाला आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें. म्हणजे मेंदू रंग घेतो. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें कांहीं अडसर आहे.

तो कोठें आहे, हें १९६७ सालीं रीस आणि कार्नोव्हस्की यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दाखविलें. मेंदूंतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी कडेस कड घट्ट जोडून बसलेल्या असतात; त्यांच्यामध्यें फट नसते. शिवाय पदार्थ पुरचुंडींत बांधून पेशीच्या आरपार नेण्याची जी रीत अन्य अवयवांत चालते, तीही येथें जवळजवळ बंद असते. प्राणवायु सहज जातो. साखरेस ठरलेलें दार आहे. कंपवातांत मेंदूस डोपामिन कमी पडतें, पण तें रक्तांत टोचून उपयोग नाहीं. लेव्होडोपा हें औषध मात्र आंत जातें व तेथें त्याचें डोपामिन होतें.

आतां खरा प्रश्न असा कीं, या पेशी इतक्या शिस्तीनें कां वागतात? देवडीवर पहारेकरी असले तरी त्यांवर जमादार लागतो. तसा तो येथेंही आहे. केशवाहिनीस बाहेरून बिलगून, लांब हातांनीं तिला वेढून बसणारी एक पेशी असते. फ्रान्समधील शार्ल रुजे यांनीं १८७३ सालीं तिचें वर्णन केलें; १९२३ सालीं त्झिमरमान यांनीं तिला पेरिसाइट, म्हणजे भोवतालची पेशी, हें नांव दिलें. अन्य अवयवांपेक्षां मेंदूंत यांची वस्ती दाट असते.

२०१० सालीं स्वीडन व अमेरिका येथील दोन स्वतंत्र संशोधक-गटांनीं, या पेशी कमी असलेले उंदीर तपासले. त्यांच्या मेंदूंत रक्तांतील पदार्थ पाझरत होते. नवल असें कीं, सांधे बहुतांशीं शाबूत होते. पुरचुंड्यांची बंद पडलेली वाहतूक मात्र वाढली होती. भिंत पडली नव्हती, पहारेकरी बेशिस्त झाले होते. त्याच वर्षींच्या आणखी एका अभ्यासांत असें आढळलें कीं, अशा उंदरांचें वय वाढतें तशी गळती वाढते आणि स्मृति खालावते. माणसांच्या विस्मरणाच्या विकारांतही या पेशींची हानि दिसून आली आहे. ती कारण किती व परिणाम किती, याचा निवाडा अजून व्हावयाचा आहे.

म्हणून वैद्यकापुढें दोन उलट कामें आहेत. औषध आंत जावें यासाठीं देवडी क्षणभर उघडावयाची. आणि म्हातारपणीं ती आपोआप उघडी पडूं नये म्हणून जमादारास जगवावयाचें. माझ्या वयाच्या श्रोत्यांस दुसरें काम अधिक निकडीचें वाटलें, तर त्यांत आश्चर्य नाहीं.