दुखत नाही, पण लघवीत रक्त जाते

लघवी लालसर झाली की आपल्या वस्त्यांत पहिला शब्द निघतो तो उन्हाळीचा. नांदेड-लातूरचे ऊन पाहता ते साहजिकच आहे. धन्या-जिऱ्याचे पाणी होते, दोन दिवसांत लघवी साफ होते आणि विषय संपतो. पण उन्हाळी लागली तर जळजळ होते, मुतखडा असेल तर बहुधा कळ येते. काहीही न दुखता रक्त गेले, तेही पन्नाशीनंतर, तर मूत्राशयाच्या कर्करोगाची तपासणी झालीच पाहिजे. या गाठीतून रक्त थांबून थांबून जाते. एकदा गेले की पुढे महिनाभर दिसत नाही, आणि गाठ मात्र आत वाढत राहते. बायकांच्या बाबतीत उशीर अधिक होतो, कारण 'अंगावरून जात असेल' म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष केले जाते.

या आजाराचे सर्वांत मोठे कारण बिडी-सिगारेट आहे. धुरातले विष फुप्फुसातून रक्तात जाते, मूत्रपिंडे ते गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. आपण पाचवे शील घेतो तेव्हा दारूचा विचार करतो. बिडी मात्र विहाराच्या पायरीवर विझवून आत जातो आणि बाहेर आल्यावर पुन्हा पेटवतो.

गाठ आहे की नाही हे सोनोग्राफीत पुष्कळदा कळते, पण खात्री दुर्बिणीनेच होते. त्याच मार्गाने गाठ खरवडून काढतात आणि तुकडा तपासणीला जातो. पुढचे सारे उपचार एका प्रश्नावर ठरतात: रोग आतल्या अस्तरापुरता आहे, की मूत्राशयाच्या स्नायूत शिरला आहे? साधारण चारपैकी तीन रुग्णांत तो सुरुवातीला वरवरच असतो. अहवाल इंग्रजीत येतो, म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, 'काढलेल्या तुकड्यात स्नायू आला आहे का?' स्नायू आलाच नसेल तर रोग तिथवर पोचला नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी काही आठवड्यांनी पुन्हा खरवडावे लागू शकते. त्याला घाबरून घरी बसू नये.

आता जनुकांच्या खुणांविषयी, कारण मोठ्या शहरात गेलेल्या रुग्णांना या चाचण्यांची नावे ऐकू येतात. एफजीएफआर-३ या जनुकात बिघाड असला की पेशींना 'वाढा' हा हुकूम सतत मिळत राहतो. अशा गाठी बहुधा वरवरच्या असतात. त्या पुन्हा पुन्हा उगवतात, पण खोल जाणे कमी. टीपी-५३ हे जनुक पेशीवरचा पहारेकरी आहे. त्याचा बिघाड जास्त करून आक्रमक, स्नायूत शिरणाऱ्या गाठींत सापडतो. यावरून गाठीच्या स्वभावाचा अंदाज येतो, एकट्या रुग्णाचे भविष्य मात्र कळत नाही. एफजीएफआरवर काम करणाऱ्या गोळीला अमेरिकेत 2019 मध्ये मंजुरी मिळाली, तीही पसरलेल्या रोगासाठी. लघवीतून खुणा शोधणाऱ्या चाचण्याही निघाल्या आहेत, पण दुर्बिणीची जागा त्यांनी घेतलेली नाही. म्हणून दागिने गहाण ठेवून अशी चाचणी करण्याआधी विचारावे, 'हिच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे का?'

वरवरचा पण धोक्याचा रोग असेल तर मूत्राशयात बीसीजी सोडतात. लहान बाळांना क्षयासाठी टोचतात तीच ही लस. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा. त्यानंतरही दर तीन महिन्यांनी दुर्बीण ठरलेली असते, आणि बरे वाटते म्हणून लोक नेमकी तीच चुकवतात.

सुरुवात नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करता येते. पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय आहे. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये वेगळ्या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, आणि प्रत्येक अहवालाची झेरॉक्स एकाच पिशवीत ठेवावी.