चार रंगांतला चेहरा

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याची माडी. खिडक्या दोन, पण उघडी फक्त उत्तरेकडची. तिच्यालगत खुर्चीवर मावशी बसल्या आहेत, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. इझलपाशी उभी चित्रकर्ती पॅलेटवर चारच रंग काढते: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन आणि आयव्हरी ब्लॅक. निळ्याची ट्यूब पेटीतच राहते.

हा संच स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ओळखला जातो. १८९६ सालच्या आत्मचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात.

मग सावलीतला निळसरपणा येणार कुठून? काळ्यातून. आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की थंड राखी छटा तयार होते, आणि ती गव्हाळ गालाशेजारी लागली की निळी भासते. तोच काळा ऑकरमध्ये घातला की शेवाळी हिरवा मिळतो, व्हर्मिलियनमध्ये घातला की काळपट तपकिरी.

सुरुवातीला नाक-डोळे काढायचेच नाहीत. चित्रकर्ती डोळे किलकिले करून पाहते. बारकावे विरतात, उरतात ते उजेड आणि सावली असे दोनच आकार. सावली टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात बसते, उजेड मागाहून जाड थरात चढतो. कपाळावर ऑकर जास्त, नाक-गाल-कानांवर व्हर्मिलियन जास्त, हनुवटीकडे येता येता राखी. सावलीकडच्या कानाची कड ती कोरड्या ब्रशने पार्श्वभूमीत मिसळून टाकते. चित्रातली उदासी इथे आकाराला येते: ओठांना मुरड घालून नव्हे, तर उजेड एका गालापुरता राखून आणि बाकी सारे एकमेकांत विरघळू देऊन.

पुण्यात व्यक्तिचित्र म्हटले की बालगंधर्व रंगमंदिरातली गोपाळ देऊसकरांची चित्रे आठवतात: बालगंधर्व एकदा पुरुषवेशात, एकदा स्त्रीवेशात. तिथे वेशभूषेला मोठा मान आहे. इथे मात्र वस्त्राने मागे सरायचे आहे, आणि मावशी तर मोरपंखी साडी नेसून आल्या आहेत. चार रंगांत मोरपंखी साधत नाही. झॉर्ननेही गरज पडली तिथे निळा वापरला होता, तेव्हा ट्यूब उघडायला कुणाची आडकाठी नाही. पण चित्रकर्ती काळा-पांढरा-ऑकर घोटून पदर हिरवट राखी करते.

"अगं, माझ्या साडीचा रंग कुठे गेला?" विश्रांतीला उठलेल्या मावशी विचारतात.

"तो लावला असता तर तुमच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं नसतं, मावशी."