तूरडाळ, पीकविमा आणि शब्दांमधले सांधे

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिचे नावही जोडूनच झालेले आहे: ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ, हा फारसीतून आलेला शब्द, आणि त्याला ‘गोलाई’. मराठीत असे मिश्र जोड जागोजागी आहेत. ‘शेतमाल’मध्ये शेत आपले, माल अरबी. ‘धनदौलत’मध्ये तर संस्कृत आणि अरबी शब्द एकच गोष्ट दोनदा सांगतात. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला ही सरमिसळ विशेष अंगवळणी पडली.

जोडशब्दाचे खरे कौशल्य मात्र त्याच्या सांध्यात आहे. लातूरच्या बाजारातली तूर घ्या. ‘तूर’मधला ऊ दीर्घ, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो: तुरीला, तुरीची. ‘तुरीची डाळ’ आक्रसून ‘तूरडाळ’ झाली, की ऊ पुन्हा दीर्घ! पिकाचा विमा आणि पीकविमा यांचेही तेच. कारण उच्चारात आहे. ‘तूरडाळ’ लिहिताना अक्षरे चार, पण तोंडातून दोनच तुकडे निघतात: तूर्-डाळ्. प्रत्यय गळाला तरी पहिला शब्द आपला मूळ उच्चार सोडत नाही, म्हणून सांधा कानाला स्पष्ट कळतो.

सगळेच शब्द इतके ताठ राहत नाहीत. पाणवठा, पाणपोई, पाणथळ या जुन्या घडणीच्या शब्दांत ‘पाणी’चा शेवटचा स्वर झिजून गेला आहे. पाणीपट्टी, पाणीपुरवठा, पाणीटंचाई या कारभारी शब्दांत मात्र तो शाबूत आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरकडे पाणी घेऊन रेल्वे निघाली, तेव्हा तिला नाव मिळाले ‘जलदूत’. तिथे पाणीही नाही आणि पाणही नाही, थेट संस्कृत जोड.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचा कायदा वेगळाच आहे. बाजार समितीच्या पाटीवर ‘कृषी’ सुटा असतो, म्हणून त्यातली षी दीर्घ. तोच जोडशब्दात पहिला आला की ऱ्हस्व होतो: कृषिप्रधान, कृषिसंस्कृती. कवी आणि कविसंमेलन यांतही हाच फरक. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या लेखननियमांनी तो पक्का केला.

जोडून लिहिण्याबाबत नॉर्वेजियन लोक फार दक्ष असतात. त्यांच्याकडे ‘रॉइकफ्रिट’ हा शब्द सलग लिहिला तर ‘धूम्रपानमुक्त’, आणि मधे जागा सोडली तर ‘खुशाल धूम्रपान करा’! मराठीत एवढा घोटाळा क्वचितच होतो, पण ‘चहापाणी’ आणि ‘चहा, पाणी’ एक नव्हेत. पहिल्यात पाहुणचार आहे, त्यात पोहेही येतात. दुसऱ्यात फक्त दोन पेले.

अलीकडे पाट्यांवर, अर्जांवर, मोबाइलवरच्या निरोपांत ‘पीक विमा’, ‘पाणी पुरवठा’ असे तुटक लेखन सर्रास दिसते. पुढची पाटी रंगवताना, पुढचा अर्ज लिहिताना मधली ती जागा सोडू नका.