फाटलेले फेल्ट आणि पाण्याची वाट

ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांच्या उतरत्या छपरांत कौलांखाली डांबर चढवलेल्या फेल्टचा थर असतो. वादळात कौलांच्या फटींतून शिरलेले पाणी त्यावरून घरंगळत पन्हळीत जाते. जुने फेल्ट ठिसूळ होऊन फाटले, की पाणी माळ्यावर टपकते.

कौले न काढता माळ्यावरूनच ते दुरुस्त करता येते. पण आतून नुसते ठिगळ चिकटवले तर काय होईल? पाणी ठिगळ आणि फेल्ट यांच्यामध्ये साचेल आणि खालची कड सुटेल. म्हणून फाट आडवी असेल, तर ठिगळाची खालची कड फटीतून बाहेर सरकवून खालच्या फेल्टवर टेकवतात. वरची कड मात्र आतच ठेवून, वरच्या फेल्टच्या खालच्या कोरड्या बाजूस डांबरी लुकणाने चिकटवतात. आता पाणी वरच्या फेल्टवरून ठिगळावर आणि तेथून पुन्हा फेल्टवर उतरते.

आपल्या कोकणी कौलांचेही तत्त्व हेच: वरच्याची कड खालच्यावर. उतरत्या पाटीवर प्लॅस्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून ठेवा आणि वरून पाणी सोडा. मग त्यांचा क्रम उलटा करा. कोणत्या वेळी पाटी भिजली आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.